घरच्यांना कसला चिमटा

अण्णा,

मंगळवारी कुरियरने तीन वस्तू आल्या. एक नवा रेडिओ भाग, म्हणजे काडेपेटीहून जरा मोठी हिरवी पट्टी, तिला बोटाएवढी अँटेना. त्याच्या जोडीचा रिसीव्हर, खेळातल्या विमानात बसवायचा. आणि ट्रान्समीटरची नवी बॅटरी. पहिल्या दोन्हींचे मिळून बावीसशे पन्नास, बॅटरीचे चारशे वीस, वर कुरियरचे नव्वद. बॅटरी मेनरोडला स्वस्त मिळाली असती, पण तुमच्या नातीने मला न विचारताच मागवली. खर्च कोणत्या सदरात लिहावा ते कळेना, शेवटी शिक्षण म्हणून लिहिला. आल्या आल्या देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं. पोर हसली, म्हणाली, "आई, आत सर्किट आहे, कुंकू जाईल." मी म्हणाले, "खोक्याला लावलंय, सर्किटला नाही. एवढं मलाही कळतं."

तुम्ही जाऊन दहा वर्षं होत आली. ती चार वर्षांची होती तेव्हा तिचे वडील गेले, आता डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्सला. येत्या रविवारी ती स्वतः बांधलेलं विमान उडवणार आहे, तुमच्या ट्रान्समीटरवर. दिंडोरीच्या अलीकडे तिच्या मैत्रिणीच्या वडिलांचं रान पडीक आहे, तिथे. उडवायच्या आधी मी तिला एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती मला ठाऊक नाही, फक्त तुम्हाला ठाऊक आहे. जिवंतपणी विचारता आली नाही म्हणून आज जेवणं आटोपून लिहायला बसले.

ट्रान्समीटर माळ्यावर होता, तुम्हीच तुमच्या जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला. दिवाळीच्या साफसफाईत तिच्या हाती लागला. खाली उतरून म्हणते, "आई, हा आजोबांचा रिमोट?" माझ्या तोंडून तुमचंच वाक्य बाहेर पडलं, "रिमोट नाही, ट्रान्समीटर म्हण." मग स्वतःचाच राग आला आणि म्हणाले, ठेव परत वर. तिने काही तो वर ठेवला नाही. आठवडाभर ती माझ्यामागे पोळपाटाशी उभी राहून समजावत होती, की जुन्या ट्रान्समीटरला ठरलेला चॅनल असतो, त्याच चॅनलचा दुसरा ट्रान्समीटर कुणी सुरू केला की विमानाला कुणाचं ऐकावं ते कळत नाही. जणू मला हे सांगायला हवं होतं. नव्या भागाचं तसं नसतं म्हणे. रिसीव्हर एकदा त्याच्याशी जुळवला की शेजारी दहा जण उभे राहिले तरी तो दुसऱ्या कुणाचं ऐकतच नाही. "लग्नासारखं," ती म्हणाली. मी म्हणाले, "लग्नात कुठे कोण एकाचंच ऐकतं, वेडे." दोघी हसलो. त्या हसण्यातच मी हो म्हणून बसले, अण्णा. हो म्हणायचं असं मी काही ठरवलं नव्हतं.

तुमचा तो रविवारचा माळ मला अजून दिसतो. अंबडच्या कारखान्यांच्या पुढे, झेंडूच्या शेताला लागून. आता तिथे इमारती उभ्या आहेत, खाली दवाखाना आणि झेरॉक्सचं दुकान. तेव्हा पाच-सहा जण यायचे, कुणी कारखान्यातले, एक बँकेतले साहेब. मी कधीमधी डबा घेऊन यायची आणि बाभळीखाली बसायची. विमानाच्या तेलात एरंडेल असायचं, त्याचा वास तुमच्या सदऱ्याला इतका बसायचा की मी तो वेगळा भिजवायची. आणि तुमची ती पाटी. प्लायवूडचा तुकडा, त्यावर माझ्या दोरीवरचे लाकडी चिमटे, प्रत्येकावर तुमच्या अक्षरात चॅनलचा आकडा. आपल्या आकड्याचा चिमटा काढून सदऱ्याला लावल्याशिवाय कुणी ट्रान्समीटरच्या बटणाला हात लावायचा नाही. उडवून झालं की चिमटा परत पाटीवर. बँकेतल्या साहेबांनी एकदा चिमटा न घेता बटण दाबलं, तेव्हा सगळ्यांदेखत तुम्ही म्हणालात, "साहेब, दुसऱ्याच्या खात्यावर सही करता का कधी?" ते लाल झाले. पण पुढच्या रविवारी सगळ्यांत आधी पाटीपाशी तेच उभे होते.

आपल्या घरात ट्रान्समीटर दोन, एक तुमचा आणि एक ह्यांचा, पण चॅनल एकच. रिसीव्हर, चॅनल ठरवणारा क्रिस्टल, सगळं एकमेकांना चालावं म्हणून तुम्ही मुद्दाम तसं घेतलं होतं. मला ते पटलं होतं. एका घरात दोन मापांची झाकणं कशाला? आणि तसा धोकाही नव्हता, कारण चिमटाही एकच होता. तो ज्याच्या सदऱ्याला त्याचं विमान वर, दुसऱ्याने मान वर करून बघायचं.

त्या रविवारी बाकी कुणी येणार नव्हतं. संक्रांत होऊन गेलेली, अजून थंडी होती. बँकेतल्या साहेबांकडे लग्न होतं आणि सगळे तिकडे. तुम्ही स्कूटरवर पुढे, हे मागे, मांडीवर विमानाचे पंख घेऊन. चिमटे आदल्या दिवशी मी कपड्यांना लावले होते, तुम्हीच म्हणाला होतात की उद्या नकोत. तरी मी दारातून म्हणाले, "अण्णा, निदान तुमचा तरी देते काढून." तुम्ही किक मारता मारता म्हणालात, "अगं, दोघेच तर आहोत. घरच्यांना कसला चिमटा!" हे हसले. पोर माझ्या कडेवर होती, तिने हात हलवला. एवढंच माझं पाहिलेलं आहे. पुढचं सगळं मला झेंडूवाल्याने सांगितलं.

तो सायकलवरून आला, दारात सायकल टाकून दिली, स्टँडला लावली नाही. मी पुरण वाटत होते. म्हणाला, "वहिनी, चला. दादांना लागलंय." सिव्हिल हॉस्पिटलला पोहोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं. तुम्ही बाकड्यावर बसलेले, हातावर रक्त, आणि गळ्यातला ट्रान्समीटर तसाच पट्ट्याने लोंबत होता. तो काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी तुमच्यासमोर उभी राहिले. तुम्ही वर पाहिलं नाही.

तेराव्यानंतर झेंडूवाला पुन्हा आला, देवाला फुलं घेऊन, आणि ओट्याशी उभा राहून त्याने सगळं नीट सांगितलं. तुम्हाला तो बाबा म्हणायचा, ह्यांना दादा. बाबांचं इमान वरून फिरून खाली येत व्हतं. दादा स्कूटरपाशी उकिडवे बसून आपल्या इमानाचा पंख हलतो का ते बघत व्हते. दादांच्या हातातल्या डब्याची तार खालीच व्हती, वर काढली नव्हती. पण डब्यावर लाल बत्ती पेटलेली. बाबांचं इमान बाकी माळभर सरळ आलं, दादांच्या डोक्याजवळ आलं अन् एकदम पिसाळलं, इंजिन फुल, आडवं झालं, आणि मानेत.

त्या दिवशी मला सगळं कळलं. लाल बत्ती म्हणजे ह्यांचाही ट्रान्समीटर चालू, त्याच चॅनलवर. अँटेना दुमडून ठेवली की त्याचं सांगणं लांब जात नाही, मिनिटभर पाहायला काय हरकत आहे, असं ह्यांना वाटलं असणार. लांब गेलंच नाही. जवळच गेलं. म्हणून तर विमान त्यांच्याच जवळ येऊन बिघडलं. तुमच्या हाताचा काही दोष नव्हता. तरी पंचनाम्यात तुम्ही सांगितलंत, माझा हात चुकला. ह्यांचा ट्रान्समीटर पोलिसांनी नेला, तो आणायला कुणी गेलं नाही. लाल बत्तीबद्दल तुम्ही कुणालाही बोलला नाहीत. गेलेल्या माणसाच्या नावाने कुणी चूक म्हणू नये, म्हणून असेल. तुमची बहीण ओटीवर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "म्हातारपणी खेळण्याचा सोस, अन् पोटचं पोर घालवून आला." तुम्ही आतून पाण्याचा तांब्या आणून तिच्यासमोर ठेवलात. मी पोळ्या लाटत होते, लाटतच राहिले.

पण झेंडूवाल्याला मी एक विचारलं होतं. "अण्णांनी हाक नाही मारली?" म्हणाला, "नाय ओ वहिनी. बाबा नुसते डब्यावरच्या कांड्या हलवत राहिले. तोंडच उघडलं नाय." हे माझ्या मनात तेव्हापासून आहे. चिमट्याचं मी देवावर सोडलं. लाल बत्तीचंही सोडलं. हे नाही सुटलं.

मग तुम्ही मला कामाला लावलंत. अंबडच्या एका छोट्या कारखान्यातून सर्किटच्या पट्ट्या पिशवीतून घरी यायच्या, डाग द्यायला, नगावर पैसे. मी मॅट्रिक, हात फक्त पोळीला सरावलेला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तुम्ही मला कथील कसं वितळतं ते दाखवलंत. आधी जागा तापव, मग कथील लाव, कथील तापवून थापू नको. माझे पहिले चाळीसेक डाग तुम्ही उपसून काढलेत. "मळका डाग म्हणजे खोटा डाग. वरून चिकटलेला दिसतो, आत धरलेलं काही नसतं. डाग चकचकीत हवा." मी रडले तेव्हा म्हणालात, "रडायचं तर उठून रड. पट्टीवर पाणी नको." त्या पट्ट्यांवर पोरीची शाळा झाली, अण्णा, हे मी विसरलेली नाही. संध्याकाळी दिवा लावून मी स्तोत्र म्हणायची तेव्हा तुम्ही पलीकडे पट्ट्या मोजत बसायचात, देवघरात यायचं तुम्ही बंद केलं होतं. खंडेनवमीला पूर्वी सगळी हत्यारं पाटावर मांडून पूजा व्हायची, ट्रान्समीटर मधोमध. नंतर पाटावर फक्त सोल्डरिंगचं सामान आणि माझी विळी असायची. एका टेबलाशी समोरासमोर आपण इतकी वर्षं बसलो. किती वेळा शब्द ओठांवर आला. तुम्ही मान खाली घालून काम करायचात, आणि मला वाटायचं, आता नको, हातात गरम आहे.

आता परवाचं सांगते. बुधवारी दुपारी आम्ही दोघी त्याच टेबलाशी बसलो. मागचे सहा स्क्रू मी काढले. आतला वास अजून तोच आहे, राळेचा आणि जुन्या प्लॅस्टिकचा. जुनी बॅटरी फुटून हिरवी झाली होती, तिच्या जागा मी लिंबाने पुसल्या. पोर म्हणाली, तीनच वायरी आहेत. लाल म्हणजे वीज, काळी परतीची आणि पांढरी म्हणजे हुकूम. हुकूम कुठून घ्यायचा? मागच्या सॉकेटमधून, जिथे गुरूच्या ट्रान्समीटरला शिष्याचा ट्रान्समीटर जोडायची वायर लागते. ह्यांना तुम्ही त्याच वायरीवर शिकवलं होतं. ती म्हणाली, "आई, हा डाग तू दे, तुझा हात सरावलेला आहे." मी आधी जागा तापवली, मग कथील लावलं. डाग चकचकीत आला. मग जुन्या रेडिओ भागाकडे जाणारी वीज तोडायची होती. ती वायर मी कापली. क्रिस्टल उपटून बाजूला ठेवला. तो चॅनल आता आपल्या घरात राहिला नाही.

जुळवणी तिने केली. नव्या भागावरचं बटण दाबून धरायचं, ट्रान्समीटर सुरू करायचा, रिसीव्हरवरचा दिवा लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. स्थिर झाला. पंख हलले, शेपूट हललं. ओट्यावर ठेवलेलं ते विमान, इंजिन अजून न बसवलेलं, सासूबाईंच्या पाट्या-वरवंट्याशेजारी मान डोलवत होतं. पोरीने टाळी वाजवली. मग म्हणाली, "आता बघ. समजा संपर्क तुटला, हुकूम पोहोचेना, तर रिसीव्हर आपोआप इंजिन बंद करतो. तेव्हा हे असतं तर बाबा..." आणि तिने ट्रान्समीटर बंद केला.

इंजिनाला तेल सोडणारी विमानातली दांडी बंद झाली नाही. खटकन पूर्ण उघडली.

इंजिन फुल, असं झेंडूवाल्याने म्हटलं होतं. पोर लगेच म्हणाली, "माझंच चुकलं, आई. जुळवताना ट्रान्समीटरवरची कांडी वर राहिली होती. जुळवताना ती जिथे असेल तेच तो लक्षात ठेवतो." तिने पुन्हा जुळवलं, कांडी खाली ठेवून. ट्रान्समीटर बंद केल्यावर इंजिनाची दांडी बंद झाली. परत परत करून पाहिलं, दर वेळी बंद. मला म्हणाली, "बघ, आता झालं ना?" मी म्हणाले, "एक वचन दे. विमान ऐकत नाही असं वाटलं की कांड्या सोडून आधी ओरडायचं. जो कुणी समोर असेल त्याला. विमान मोडलं तर मोडू दे."

मग तिने विचारलं, जे मी इतकी वर्षं टाळत आले ते. "त्या दिवशी आजोबा ओरडले होते?"

अण्णा, मी म्हणाले, हो. म्हणाले, दोनदा ओरडले, तुझ्या बाबांचं नाव घेऊन, पण इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. कसं आलं माझ्या तोंडून माहीत नाही. तिच्या मनात तुम्ही तोंड न उघडलेला माणूस म्हणून राहू नये, एवढंच होतं. तिला तुमची आठवण काय, तर खिशातल्या लिमलेटच्या गोळ्या. त्याला धक्का लावायचा नव्हता.

तिने ट्रान्समीटर खाली ठेवला आणि विचार करून म्हणाली, "मग ओरडून उपयोग काय, आई? ऐकूच जात नाही. त्यापेक्षा कांड्यांवरच हात ठेवलेला बरा. शेवटपर्यंत प्रयत्न तरी होतो."

मी वरण उतू जात होतं ते बघायला वळले.

आता तुम्हीच सांगा. खरं सांगितलं, की आजोबांनी हाक मारली नाही, कांड्या हलवत राहिले आणि तुझे बाबा वाकलेलेच राहिले, तर ती नक्की ओरडेल. आयुष्यभर ओरडेल. पण मग तुम्ही तिच्या लेखी तेच व्हाल जे तुमची बहीण म्हणाली, आणि हात तुमचा चुकला नव्हता हे तिला पटवताना मला लाल बत्तीचं सांगावं लागेल, म्हणजे तिच्या वडिलांचं. आणि नाही सांगितलं तर परवा त्या रानात ती दोन्ही हात कांड्यांवर ठेवून उभी असेल, समोर तिच्या मैत्रिणी असतील, आणि तोंड बंद.

कदाचित झेंडूवाल्याला ऐकू आलं नसेल. तो शेताच्या त्या टोकाला होता, वारा त्याच्याकडून तुमच्याकडे वाहत असेल. कदाचित तुम्ही ओरडलाच असाल. असं मी स्वतःला सांगते आणि मग मला सिव्हिलमधलं बाकडं दिसतं, तुमच्या गळ्यात तो पट्टा, आणि वर न झालेली मान. मग वाटतं, नसालच ओरडला. वाचवता येईल असं वाटलं असेल तुम्हाला. तुमच्या हातांवर तुमचा फार विश्वास होता.

हे पत्र कुठे टाकायचं नाही हे मला कळतं. हिशेब आणि पत्रं अपुरी ठेवू नयेत असं तुम्हीच म्हणायचात, म्हणून पुरं लिहिते आहे. मी पोरीशी खोटं बोलले, आणि रविवारपर्यंत ते खोटं बदलायची ताकद माझ्यात येईल असं आज तरी वाटत नाही. रागावणार असाल तर रागवा. पण तुम्ही ह्यांना हाक मारली होती की नाही, एवढं एकच लिहा, एका ओळीत, आणि उलट टपाली कळवा. रविवारच्या आत.